झांदे राजाच्या हातातली काठी

विधानसभेत गोंधळ होतो, विरोधी बाकावरचा एखादा आमदार धावत जाऊन राजदंड उचलतो आणि पळत सुटतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘राजदंड पळवला, कामकाज तहकूब’ असा मथळा येतो. ही बातमी आपण इतक्यांदा वाचलीय की तिच्यात काही विचित्र आहे हे जाणवतही नाही. लाखो मतांनी निवडून आलेलं सभागृह एक दांडा जागेवरून हलला म्हणून थांबतं! सत्ता जणू त्या दांड्यातच भरून ठेवलेली असते.

हीच समजूत डोक्यात ठेवून आपण संग्रहालयात आफ्रिकेतल्या कोरीव काठ्यांसमोर उभे राहतो आणि फसतो.

युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आणि लिलावांच्या कॅटलॉगांत ‘झांदे राजदंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाकडी काठ्या असतात. काठीच्या वरच्या टोकाला माणसाचं डोकं कोरलेलं. कपाळ गोलसर, डोळे बारीक, केसांची रचना मन लावून कोरलेली. खाली हातात धरायला दांडा. शेजारच्या चिठ्ठीवर एक ओळ: सत्तेचं प्रतीक. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या काचेकडे सरकतो. ती ओळ खोटी नाही, पण कोणाची सत्ता, कशावर चालणारी आणि कोणाला दाखवायची, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. आणि गंमत या प्रश्नांतच आहे.

झांदे लोक राहतात आफ्रिकेच्या अगदी मधोमध, नाईलचं पाणी आणि काँगोचं पाणी जिथे एकमेकांपासून वेगळं होतं त्या पट्ट्यात. आजच्या नकाशावर हा मुलूख तीन देशांत वाटला गेलाय: दक्षिण सुदानचा नैर्ऋत्य भाग, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा ईशान्य कोपरा आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा आग्नेय कोपरा. त्यांच्या भाषेत शब्दाआधी ‘अ’ लावला की अनेकवचन होतं. एक माणूस झांदे, अनेक माणसं अझांदे. त्यामुळे मराठीत ‘अझांदे लोक’ लिहिणं म्हणजे ‘माणसंलोक’ म्हटल्यासारखं थोडं दुप्पट होतं, पण इंग्रजी पुस्तकांमुळे ते रूढ झालंय.

राज्य करणारं कूळ अवोंगारा. अठराव्या शतकापासून या कुळातल्या राजपुत्रांनी अंबोमू नावाच्या लोकांना बरोबर घेऊन म्बोमू नदीकाठावरून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे मुसंडी मारली. वाटेत जे जे लोक भेटले ते जिंकले, आपल्यात घेतले, त्यांना आपली भाषा शिकवली. आजचे झांदे म्हणजे अशा कितीतरी वेगवेगळ्या लोकांची मिसळ. राज्यही एक नव्हतं. अवोंगारा भाऊबंदांची अनेक राज्यं होती, दोन राज्यांच्या मधे ओसाड रान सोडलेलं असायचं आणि भाऊबंदकी अखंड चालायची. राजा मेला की गादी एका ठरलेल्या मुलाकडे सरळ जाईल याची खात्री नसे. बापाने ज्यांना प्रांत देऊन ठेवले होते ते मुलगे एकमेकांवर तुटून पडत आणि जो टिकेल तो राजा. म्हणजे बापाच्या हातातली काठी मुलाच्या हातात ठेवली आणि झाला राज्याभिषेक, असा सोपा मामला तिथे नव्हताच.

राजाला किंवा सरदाराला झांदे भाषेत म्हणतात ‘ग्बिआ’. ग आणि ब वेगवेगळे नाही, एकाच झटक्यात म्हणायचे. आपल्या तोंडाला ते जड जातं. या ग्बिआची सत्ता लोकांना दिसायची कुठे? तर ‘न्ग्बांगा’त. राजाच्या घराजवळची मोकळी जागा, जिथे लोक येऊन बसायचे, तक्रारी मांडायचे, निवाडे ऐकायचे, ती न्ग्बांगा. खटल्याला आणि निवाड्यालाही हाच शब्द. आपल्याकडे ‘दंड’ म्हणजे काठीही आणि शिक्षाही, दोन्ही एकाच शब्दात मावतात. झांद्यांनी तेच जागेच्या बाबतीत केलंय.

न्ग्बांगात रोज माणसं असायची आणि त्यांना खायला घालावं लागायचं. ही बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबतो. झांद्यांचं मुख्य धान्य होतं नाचणी. आपली कोकणातली, घाटावरची नाचणी. ती मुळात आफ्रिकेतूनच इकडे आली आहे, त्यामुळे हा योगायोग नाही, जुनं नातं आहे. प्रजा राजाकडे नाचणी आणायची, तिचीच बिअर आणायची, शिकारीतलं मांस आणायची. शिवाय तरण्या, अविवाहित पोरांच्या पलटणी (त्यांना ‘अपारांगा’ म्हणत) आणि लग्न झालेल्यांच्या पलटणी (‘अबाकुंबा’) राजाच्या शेतात राबायच्या आणि लढाई आली की लढायच्या. हे सगळं राजाच्या कोठारात जायचं आणि राजाच्या बायकांनी रांधलेल्या घट्ट उकडीच्या रूपाने पुन्हा दरबारातल्या माणसांसमोर यायचं. हात राखून वाढणाऱ्या राजाच्या दरबारात गर्दी ओसरायची. कंटाळलेली माणसं रान ओलांडून दुसऱ्या राजाकडे निघून जाऊ शकत होती, आणि जातही. माणसंच नसतील तर काठी कोणासमोर धरायची?

अर्थात हे फार गोड चित्र करायला नको. हेच राजे व्यभिचारासारख्या गुन्ह्यात माणसाचे हात किंवा कान छाटायची शिक्षा देत. उकड आणि सुरी, दोन्ही एकाच घरातून यायचं.

आता निवाडे कसे व्हायचे ते बघू, कारण राजाच्या अधिकाराची खरी गाठ तिथे आहे. झांदे मानत की काही माणसांच्या पोटात ‘मांगु’ नावाचा एक पदार्थ असतो. तो बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे येतो आणि त्याच्या जोरावर माणूस दुसऱ्याचं वाईट करू शकतो. कोणी आजारी पडलं, कोणी मेलं, की प्रश्न यायचा, हे कोणी केलं? उत्तर शोधायला कौल लावायचे. कौलांचे प्रकार अनेक. एक घरगुती कौल ‘इवा’चा. छोट्या पाटासारखं कोरलेलं लाकूड, त्यावर वनस्पतीचा रस लावायचा आणि लाकडाचं झाकण पुढे-मागे घासायचं. झाकण सहज सरकलं तर एक उत्तर, चिकटून बसलं तर दुसरं. दुसरा कौल वाळवीच्या वारुळाचा. दोन वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या वारुळात खुपसायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठली खाल्ली ते बघायचं.

सगळ्यांच्या वरचा कौल ‘बेंगे’. ही एका जंगली वेलीपासून केलेली विषारी लाल पूड. सुदानकडच्या झांद्यांना ती आणायला उएले नदी ओलांडून दक्षिणेला बोमोकांदी नदीपर्यंत कित्येक दिवस पायपीट करावी लागे. पूड पाण्यात कालवून तिचा रस कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीत पिळायचा आणि विषाला उद्देशून बोलायचं: अमक्याने हे केलं असेल तर, बेंगे, कोंबडीला मार, केलं नसेल तर जगू दे. कोंबडी मेली तरी काम संपत नसे. दुसरी कोंबडी घ्यायची आणि प्रश्न उलटा विचारायचा: पहिलं उत्तर खरं असेल तर हिला जगू दे. दोन्ही कौल एकमेकांशी जुळले तरच उत्तर ग्राह्य. आपल्याला पटो न पटो, पण उलटतपासणीची शिस्त त्यात आहे हे मान्य करावं लागतं.

साधा माणूस स्वतःचा बेंगे लावू शकत होता. पण त्याच्या उत्तरावर समोरचा म्हणू शकत होता, तुझं विष खराब झालंय. राजाच्या बेंगेपुढे असं म्हणायची सोय नव्हती. तो कौल राजाच्या विश्वासातली मोजकी माणसं त्याच्या वतीने लावत आणि त्याचं उत्तर म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही. झांद्यांचं सुप्रीम कोर्ट म्हणायचं तर ते त्या लाल पुडीत होतं. शिवाय सामान्य माणूस अवोंगारा सरदारावर मांगुचा आरोप करत नसे, म्हणजे निवाडा देणारा स्वतः संशयाच्या वर. यापेक्षा पक्की बैठक कुठल्या राजाला हवी?

लोखंडातही ही सत्ता दिसायची. ‘क्पिंगा’ म्हणजे फेकून मारायचा सुरा. मुठीपासून वर जाणारं पातं आणि त्याला बाजूला फुटलेली आणखी पाती, त्यामुळे फेकल्यावर तो चक्रासारखा फिरत जातो आणि कुठल्याही बाजूने लागला तरी धार लागतेच. त्यातलं मुठीजवळचं पातं पुरुषत्वाचं चिन्ह मानत. असे सुरे कुठलाही लोहार घडवू शकत नसे, त्यासाठी कसलेले कारागीर लागत. राजा हे सुरे आपल्या दरबारी ठेवी आणि निवडक लढवय्यांना देई. वेताच्या विणलेल्या ढालीच्या मागे ते अडकवलेले असत. सुरा इतका महागडा की फेकण्याआधी लढवय्या तसं ओरडून सांगत असे. घाबरून टाकून दिला असं कोणी म्हणायला नको! ज्याच्या ढालीमागे क्पिंगा, तो राजाचा माणूस, हे न सांगता कळायचं.

आणि लाकूड? लाकडाचा सगळ्यात मोठा आवाज होता ‘गुगु’चा. हा कातड्याचा ढोल नाही. अख्खा ओंडका आतून पोकळ करायचा, वरून फक्त एक लांब फट ठेवायची आणि फटीच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या जाडीच्या तासायच्या. एका कडेवर मारलं की खालचा सूर, दुसऱ्या कडेवर मारलं की वरचा. झांदे भाषेत स्वराच्या चढ-उताराने अर्थ बदलतो, त्यामुळे दोन सुरांतून बोलण्याची नक्कल करता येते आणि निरोप पाठवता येतो. राजाचे मोठे गुगु जनावराच्या आकाराचे असत. चार पाय, पोट, शेपूट, डोकं. लढाईची हाक असो की दरबाराचं बोलावणं, ती या लाकडी जनावराच्या पोटातून निघायची.

असाच एक प्रचंड लाकडी ढोल आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुदान आणि काँगोच्या सीमेलगतच्या मुलुखातला, जवळजवळ पावणेतीन मीटर लांब, आखूड शिंगांच्या वासरासारखा. हा ढोल मूळ मालकांकडून सुटून उत्तरेला खार्तूमच्या बाजूला पोचला आणि तिथला तेव्हाचा राज्यकर्ता असलेल्या खलिफाच्या ताब्यात आला. तेव्हा त्याच्या अंगावर इस्लामी पद्धतीची भौमितिक नक्षी कोरली गेली. मग 2 सप्टेंबर 1898 रोजी ओमदुरमानची लढाई झाली. ब्रिटिश सेनापती किचनेरच्या फौजेने खलिफाचा पराभव केला, ढोल उचलला आणि तो राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यात आला. त्याआधी त्यावर आणखी एक खूण कोरली गेली, ब्रिटिश मुकुटाची. एकाच लाकडावर तीन मालक, आणि आधीच्याची नक्षी पुसायची तसदी नंतरच्या कोणीच घेतली नाही. मला वाटतं, सत्ता लाकडावर कशी बसते हे या ढोलाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगणार नाही.

एवढं सगळं बाजूला ठेवल्यावर आता कोरीव डोक्याच्या काठीकडे येऊ.

माणसाचं डोकं कोरायची हौस त्या मुलुखात फक्त काठ्यांवर नव्हती. ‘कुंदी’ म्हणून पाच तारांचं एक वाद्य असतं, धनुष्यासारखी वाकलेली मान आणि कातडं ताणलेली लाकडी पेटी. तिच्या मानेच्या टोकाला छोटंसं डोकं कोरतात. सुरीच्या मुठीवर डोकं, डबीच्या झाकणावर डोकं. गाल, कपाळ आणि कानशिलांवर ठिपक्यांनी भरलेले चौकोन कोरलेले दिसले तर ते उगाच केलेलं नक्षीकाम समजू नका. जर्मन प्रवासी गेओर्ग श्वाइनफुर्ट 1870 च्या सुमारास या भागातून गेला तेव्हा त्याने जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर नेमक्या याच गोंदणाची नोंद केली आहे. (त्याच्या पुस्तकात हे लोक ‘न्याम-न्याम’ नावाने येतात. ते शेजारच्या डिंका लोकांनी ठेवलेलं टोपणनाव, खादाड अशा अर्थाचं. शेजाऱ्याला विचारून माणसाची ओळख लिहिली की असं होतं.)

ही डोकी देवांची नव्हेत आणि पूर्वजांचीही नव्हेत. पूर्वजांसाठी झांद्यांच्या अंगणात ‘तुका’ असायचा. अंगणात रोवलेला साधा लाकडी खांब, वरच्या टोकाला नैवेद्य ठेवायची सोय. त्यावर ना डोकं, ना डोळे. म्हणजे घराघरात जिच्यासमोर खरोखर हात जोडले जात ती काठी कोरलेली नव्हतीच! डोकी होती ती मानमरातबाची, श्रीमंतीची, बघा माझ्याकडे किती हुशार सुतार आहे हे दाखवण्याची.

आणि या दाखवण्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकदम नवे प्रेक्षक मिळाले. बेल्जियन अधिकारी आले, व्यापारी आले, संग्राहक आले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने हर्बर्ट लँग आणि जेम्स चेपिन यांना 1909 मध्ये काँगोत पाठवलं. ते 1915 पर्यंत तिथे होते. प्राणी-पक्ष्यांचे नमुने गोळा करायला गेलेले हे लोक परतले ते जवळपास 4000 मानवनिर्मित वस्तू आणि सुमारे 10,000 छायाचित्रं घेऊन. नंतर अभ्यासकांनी या संग्रहाचा तपास केला तेव्हा एक गोष्ट पुढे आली. माणसाच्या रूपातलं कोरीव काम याच काळात झपाट्याने वाढलं होतं. पाहुण्यांना अशा वस्तू आवडतात हे सरदारांच्या लक्षात आलं, भेट द्यायला कोरीव डोकी करवून घेतली जाऊ लागली. शेजारच्या मांगबेतू लोकांत बाळपणी डोकं घट्ट बांधून लांबट करायची रीत होती आणि तो उंच निमुळता चेहरा युरोपियनांना भारी वाटे. मग झांदे सुतारही मांगबेतू डोकी कोरू लागले. आज ‘मांगबेतू कला’ म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच वस्तू प्रत्यक्षात झांदे हातांनी घडवल्या आहेत.

याला बनावट म्हणायची घाई करू नये. गोऱ्या साहेबाला काठी देणं हेही राजकारणच होतं. आपण कोण आहोत हे समोरच्याला त्याला कळेल अशा भाषेत सांगणं होतं. साहेबाच्या देशात राजाच्या हातात दंड असतो, तेव्हा त्याला तसाच दंड दाखवला की तो ओळखतो, हा राजा. ‘राजदंड’ हे नाव त्याच ओळखीतून आलेलं आहे.

पण तोवर बाकीचं निसटायला लागलं होतं. सुदानच्या बाजूचा मोठा राजा ग्बुद्वे, ज्याला यांबिओ असंही म्हणत, 1905 मध्ये ब्रिटिश-इजिप्शियन तुकडीशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन मेला. झांद्यांचा मुलूख ब्रिटिश, बेल्जियन आणि फ्रेंच अशा तिघांत वाटला गेला. पुढे 1926 पासून मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड तिथे जाऊन राहू लागला, तेव्हा त्याला म्हाताऱ्यांच्या तोंडून ग्बुद्वेच्या काळाच्या आठवणी ऐकायला मिळाल्या. समोर दिसत होतं ते वेगळंच. सरदार होते, दरबार होता, पण सरकारी चौकटीतल्या कोर्टात बेंगेचा पुरावा चालत नव्हता. बेंगे आणायला काँगोत जाणं आता सीमा ओलांडणं ठरलं होतं, ते चोरून करावं लागे. राजाचा शेवटचा शब्द ज्या पुडीत होता तीच चोरटा माल झाली. हात छाटायचा अधिकार गेला, लढाया थांबल्या, क्पिंगा भिंतीवर टांगायची वस्तू झाली. हातात राहिली ती काठी. ती कोणी काढून घेतली नाही, उलट चांगली किंमत देऊन विकत घेतली.

ज्या गावाला आजही यांबिओ म्हणतात, त्याच गावात 9 फेब्रुवारी 2022 रोजी अतोरोबा पेनी रिकितो ग्बुद्वे यांना झांदे राजा म्हणून गादीवर बसवलं गेलं. ते ग्बुद्वेचे पणतू. मधे 117 वर्षं गादी रिकामी होती. दक्षिण सुदान हे प्रजासत्ताक आहे, तिथे त्यांचं पद सांस्कृतिक आहे, पण सोहळ्याला देशभरातून माणसं लोटली होती. दरबारात माणसं येणं ही जुनी अट त्या दिवशी तरी पुरी झाली.

तुम्ही कधी ब्रसेल्सजवळच्या टेरव्हुरेनच्या आफ्रिका संग्रहालयात किंवा लंडन, न्यूयॉर्कमध्ये अशी काठी पाहिलीत, तर डोक्याकडे नंतर बघा. आधी दांडा बघा. हाताच्या घामाने, तेलाने लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय का, की कोरणीच्या खुणा अजून कोऱ्याच आहेत? (व्यापारी लोक तेल चोळून जुनेपणा आणतात हेही ध्यानात असू द्या.) मग कानशिलांवर ठिपक्यांचे चौकोन आहेत का ते बघा, डोकं मागे निमुळतं लांब आहे का ते बघा. आणि चिठ्ठीवर वस्तू गोळा केल्याचं साल असेल तर ते वाचा. 1870 च्या आसपासची काठी आणि 1912 ची काठी यांत लाकूड एकाच जंगलातलं असेल, सुतारही कदाचित एकाच घरातले असतील. गिऱ्हाईक मात्र बदललेलं असेल.